पिवळी चिठ्ठी

आरोग्य विमा कंपनीतली ही जुनी रीत. कंपनी ज्या पक्षाला देणगी देते, त्याच्या माणसांच्या फाइलवर पिवळी चिठ्ठी लावायची आणि क्लेम डोळे झाकून मंजूर करायचा. क्लेम तपासणाऱ्या ताईंनी आठ वर्षांत कधी लबाडी केली नव्हती. पण आज वडिलांचीच फाइल समोर आली. आजार जुना, पॉलिसी घेण्याआधीचा, म्हणजे नियमाने नकारच. आणि मंजुरी आल्याशिवाय हॉस्पिटल त्यांना ऑपरेशनला घेत नव्हतं.

ताईंनी जीव मुठीत धरून फाइलवर पिवळी चिठ्ठी चिकटवली. वळून बघतात तर मागे साहेब!

"ही पक्षाकडून आलीये?"

"हो, सर."

"नक्की ना? मागाहून घोळ नको."

"नक्की, सर. मी स्वतः फोन घेतला."



"बरं झालं विचारलं. काल सरकार बदललं, आपली देणगी आता दुसऱ्यांना. पिवळ्या चिठ्ठीवाल्या सगळ्या नामंजूर करायच्यात," म्हणत साहेबांनी पहिला शिक्का त्याच फाइलवर मारला.