पोळी गोल, मुलगाही गोल

"पोळी बघ, कशी गोल गरगरीत!" टीव्हीसमोर आई हरखली. मुलाला पोळ्या यायला हव्यात ही माझी अट होती, म्हणून सांगून आलेल्या मुलाने चक्क व्हिडिओच पाठवला होता.

"मुलगाही गोल गरगरीतच आहे," बाबा कुरकुरले. "फोटोत तर सडपातळ होता. फसवतायत. नकार कळवतो."

मला मात्र त्याच्या मागचं, भिंतीवरचं घड्याळ आडव्या अंड्यासारखं दिसलं. म्हणजे आपला टीव्हीच चित्र ताणत होता! मी रिमोटवरून चित्राचं माप बदललं. घड्याळ गोल झालं, मुलगा सडपातळ झाला, शिवाय देखणा! मी सोफ्यावर उडीच मारली.

पण त्याच्या हातातली पोळी पपईसारखी लांबुळकी झाली.

"अगं, होतं तसं कर!" आई कळवळली. "जावई जाडा चालेल मला, पोळी गोल हवी!"

"मला खराखुरा हवाय!" मी रिमोट पाठीमागे लपवला.

तेवढ्यात त्याने ती पपई तव्यावर टाकली, उलटली, आणि ती टम्म फुगली. आईने टाळ्याच वाजवल्या.

बाबांनी फोन उचलला.

"नकार देताय?" आईने घाबरून विचारलं.

"छे! उद्या जेवायला येतो म्हणून सांगतो."