पंचवटी की सिडको

"नळ घरातच आहे," अक्काबाई म्हणाली आणि तोटी सोडून दाखवली. "पंचवटीत एवढी सोय दुसरीकडे दाखवा मला."

धोंडीराम खूश झाला. येवल्यात जन्मभर हातमागावर बसलेल्या माणसाला घरातल्या नळाचं कौतुक असणारच. शिवाय घर पक्कं, दुमजली, बाजार हाकेच्या अंतरावर. त्याची बायको बयाबाई मात्र नळाकडे पाठ करून स्वयंपाकघराकडे बघत होती.

"पोरीला नाशकात नोकरी लागलीय, तिच्यासाठी खोली बघतोय," असं दारात तिनेच सांगितलं होतं. गाव विचारलं तेव्हा सटाणा म्हणाली. धोंडीरामला उगाच खोकला आला होता.

"माडीवरची खोली देऊ की. पण भाडं पंचवटीचं पडेल," अक्काबाई हसली. मग मान न वळवता म्हणाली, "अगं ए, पाणी आण."

आतून थोरली सून पाणी घेऊन आली. तांब्या लखलखीत, नाव ठेवायला जागा नाही. घरातल्यांची जेवणं झालेली दिसत होती. खरकटी ताटं तशीच पडली होती आणि धाकटा मुलगा पलंगावर पडून चहा मागत होता.

"जेवलीस का बाई?" बयाबाईने तिला विचारलं.

सुनेने आधी सासूकडे पाहिलं. मग म्हणाली, "जेवेन की आता."

सिडकोच्या बसमध्ये बसल्या बसल्या धोंडीरामने निकाल देऊन टाकला. "पंचवटीच. घरात नळ, दारात बाजार. उद्या तिथल्या जागेचे भाव बघ कुठं जातील. सिडकोत काय हाय? चिखल अन् वारा."

"विमलच्या वेळीबी तुमी नळच बघितला होता," बयाबाई म्हणाली.

थोरल्या विमलसाठी मनमाडचं घर बघायला धोंडीराम एकटाच गेला होता. नळ, फरशी, छताचा पंखा बघून हो म्हणून आला. त्या घरात वर्षभर विमलला कुणी जेवलीस का म्हणून विचारलं नाही. ती परत आली तेव्हा नुसती हाडं उरली होती, आणि अजून ती कुणाशी धड बोलत नव्हती. आईबापाला ते बघवत नसे.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. बयाबाई तर ताक कुणी घुसळलं तेही बघणार होती. धाकट्या मैनेला नाशकात राहायचं होतं, आणि ती विमलसारखी परत यायला नको, एवढंच आईचं मागणं होतं.

बयाबाईच्या भावाने दिलेला दुसरा पत्ता सिडकोतला. बस लांब सोडून गेली. पुढे काळ्या मातीचा चिखल आणि एकासारखी एक घरं. विचारत विचारत दोघं पोचली, तेव्हा नवसाबाई दारात मेथी निवडत बसली होती. तिने बयाबाईचं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं.

"भाड्यानं? दोन खोल्यांत आमीच कसेबसे मावतो," ती म्हणाली. "पण एवढ्या लांब आलाय तर घर बघून जा."

खोलीच नाही तर ही बाई घर कशाला दाखवते, असं धोंडीरामला वाटलं. बयाबाई तोवर आत गेलीसुद्धा.

नवसाबाईने खरोखरच सगळं दाखवलं. "ही भिंत पावसाळ्यात ओल धरती. नळ गल्लीत हाय, त्यालाबी पाणी उशिरा येतं, मंग जेवणं उशिरा. भाजीला जुन्या नाशकात जावं लागतं. आधी सांगितलेलं बरं."

घराचे एवढे दोष वैरीसुद्धा सांगणार नाही.

आतल्या खोलीत तिची थोरली सून जेवत होती. पाहुणे बघून ती उठायला लागली.

"बस गं, ताटावरून उठू नको," म्हणत नवसाबाई स्वतःच पाणी आणायला वळली. "आमच्या घरात सगळ्यांच्या आधी हिला भूक लागती."

"आन् सासूबाईंना माझ्याआधी," सून भरल्या तोंडाने म्हणाली. दोघी हसल्या.

तेवढ्यात नवसाबाईचा धाकटा मुलगा भिकन अंबडच्या कारखान्यातून पाळी संपवून आला. सायकल लावली, रिकामा हंडा बघितला आणि कुणी न सांगता तो उचलून नळावर गेला. बयाबाई त्याच्या पाठीकडे बघत राहिली. इथल्या सुनेला तिने काहीच विचारलं नाही.

बाहेर आल्यावर धोंडीराम हळूच म्हणाला, "चल आता. इथं घरात नळ नाय, बाजार नाय."

"हेच घर," बयाबाई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "भिंतीला ओल येती तर येऊ द्या. माणसं कोरडी नायत."

धोंडीरामने मान डोलावली. विमलची आठवण त्यालाही आली होती.

नवसाबाई करंडा घेऊन मागोमाग बाहेर आली. तिने बयाबाईच्या कपाळाला कुंकू लावलं आणि जरा हसून म्हणाली, "मैनेचा तोंडवळा अगदी तुमचाच हाय. तुमच्या भावानं स्थळ सुचवल्यावर मागल्या महिन्यात मीबी पैठणी बघायचं निमित्त करून येवल्याला तिला बघून आले. आमच्या भिकनसाठी पसंत हाय आमाला, विहीणबाई."