तरोट्याची भाजी

खापऱ्यांच्या मांडीला गजकर्ण झालं होतं, पण टाउनशिपच्या दवाखान्यात जायची सोय नव्हती. तिथला कंपाउंडर "दाद-खाजवाले इधर!" असं साऱ्या व्हरांड्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडायचा, आणि व्हरांड्यात निम्मा कारखाना बसलेला असायचा. तरोट्याचा पाला चोळला की गजकर्ण जातं, असं त्यांची आई म्हणायची. भोपाळात पाऊस भरपूर झाला होता, त्यामुळे शेजारच्या क्वार्टरमागे तरोटा कमरेएवढा माजला होता. चांगल्या शेंगा लोंबत होत्या.

"वहिनी, थोडा तरोटा नेऊ का? भाजी खायची फार इच्छा झालीय."

"नेता कशाला? बसा, मीच करून वाढते," सुनंदावहिनी म्हणाल्या.

भाजी कडूजहर होती. "वा! नागपूरची आठवण आली," असं म्हणत खापऱ्यांनी ती डोळ्यांतलं पाणी पुसत संपवली. मग वहिनींनी दुसरी वाटी पुढे केली.

"ही खाऊ नका. लिंबाच्या रसात पाला वाटलाय. खाजतं तिथे लावा."

खापरे लालबुंद झाले. "तुम्हाला कसं कळलं?"

"शेंगा धरल्यावर तरोट्याची भाजी कोणी खातं का, भाऊजी?"

"मग मला का खाऊ घातलीत?"

"वाटलं, पहिल्याच घासाला खरं बोलाल. पण तुमचं तरी बरं. तुमच्या मोठ्या साहेबांनी परवा दुसऱ्यांदा वाढून घेतली."