टबाचा टवका

फरशीवाल्याच्या हातून हातोडी निसटली आणि न्हाणीघरातल्या नव्याकोऱ्या टबाच्या काठाचा नखाएवढा टवका उडाला. असले टवके बुजवणाऱ्या बाईला सगळे टवकेवालीच म्हणत. तिला बोलावणं गेलं. तिने खड्ड्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, वाळल्यावर पॉलिश पेपर मारला आणि सवयीप्रमाणे नख फिरवून पाहिलं: दोनदा उघड्या डोळ्यांनी, तिसऱ्यांदा डोळे मिटून. जोड कुठेच लागला नाही.

सकाळी लांबीचा खडा टबात पडलेला होता, अख्खाच्या अख्खा. परत भरली. दुसऱ्या सकाळीही तेच.

“टबच बदलू या, ताई,” घरमालकीण म्हणाली. “फरशीवाला तर आता आत पाऊल टाकायला तयार नाही.”

“वीस वर्षांत माझी लांबी निघालेली नाही. या टबाचे लाड मी चालवून घेणार नाही.”

तिसऱ्यांदा लांबी भरून ती पालथ्या बादलीवर बसली आणि टवक्यावर अंगठा दाबून धरला. भर दुपार होती. थोड्या वेळाने अंगठ्याखालची लांबी वर येऊ लागली. आतून रेटा येत होता.

“रेट,” ती म्हणाली. “बघू कोण आधी दमतं ते.”

तिने दुसराही अंगठा लावला. खांदे भरून आले, पण ती हटली नाही. शेवटी रेटा थांबला, लांबी घट्ट बसली. पेपर मारून तिने नख फिरवलं. दोनदा, मग डोळे मिटून. काहीच लागलं नाही.

“झालं समाधान?” तिने टबाला विचारलं.

काठाच्या पोटातून, नेमक्या त्याच जागी, नख फिरलं. एकदा. दोनदा. मग ते थांबलं, डोळे मिटायला लागतो तेवढाच वेळ.