कोयत्याचा कान

मंगलनं ऊसतोडीचा कोयता हनुमानच्या वेल्डिंगच्या दुकानात लोखंडी टेबलावर आदळला आणि म्हणाली, "काप."

हनुमाननं हातच मागं घेतला. पात्यावर खंडेनवमीचं हळदकुंकू अजून तसंच होतं. "अक्का, लक्ष्मी हाय ती. परवा पुजलीस आन् आज कापायला आणलीस?"

"पुजली म्हणूनच आणली. लक्ष्मीनं काय नुसतं कोनाड्यात बसून फुलं खायची?"

बाहेर तिची काळीपिवळी जीप उभी होती. उजवा दिवा सरळ आभाळाकडं बघत होता. शेजारच्या रतनबाईच्या बोकडानं सकाळी त्याच्या काचेत स्वतःचं तोंड बघितलं, ते त्याला आवडलं नाही, आणि त्यानं दिली एक धडक. दिव्याला बॉडीशी धरून ठेवणारा लोखंडी कान तुटला. बोकड मात्र धडधाकट. आणि आजच केजला आरटीओचा पासिंगचा कॅम्प. पासिंग झाली नाही तर नांदूरघाटच्या स्टँडवर जीपला प्रवासी भरायचा नंबर नाही. नंबर नाही तर मंगलला यंदाही उसाच्या फडात जायचं.

हे सगळ्यात आधी कळलं ते ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या बंकट मुकादमाला. तो दुकानासमोर जुन्या टायरवर ऐसपैस बसून तंबाखू मळत होता.

"कावून जीव काढायलीस, मंगल? पासिंगचा साहेब हात लावून बघतो. दिवा हलला की गाडी बाद. ट्रक सांजच्याला निघतोय. तुझी जागा धरून ठेवलीय म्या. अर्धा कोयता."

फडात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकट्या बाईला अर्धा म्हणतात. मंगल एकटी होती.

तिनं बंकटकडं बघितलं नाही. "हनुमान, मधोमध काप. पात्याचा कान कर."

हनुमाननं कपाळाला हात लावला आणि ग्राइंडर चालू केला. ऊस खाऊन खाऊन माजलेलं ते लोखंड, सहजी थोडंच ऐकतंय! ठिणग्या अशा उडाल्या की समोरच्या हॉटेलातल्या म्हाताऱ्यानं बसल्या जागेवरून बिडी पेटवून घेतली. भोक पाडताना ड्रिलचं टोक मोडलं, दुसरं लावलं, तेही वाकलं. हनुमाननं आधी देवाचं नाव घेतलं, मग ड्रिलच्या आईचं. शेवटी कान तयार झाला, दिवा बसला, बोल्ट आवळले गेले.

टेबलावर उरलेला मुठीचा तुकडा मंगलनं उचलला आणि बंकटच्या मांडीवर ठेवला.

"घ्या मुकादम. तुमचा अर्धा कोयता. न्या ट्रकात बसवून."

दुकानातला हशा केजपर्यंत ऐकू गेला असेल. बंकटही केजला आला. फजिती आपल्या डोळ्यांनी बघायची म्हणून आला, आणि तोही मंगलच्याच जीपमधून, पुढच्या सीटवर बसून.

कॅम्पाच्या मैदानात साहेबांनी दिवे लावायला सांगितले. मग उजव्या दिव्याजवळ वाकले. "बाई, हे काय बसवलंय?"

"कान हाय, साहेब."

"कंपनीचा दिसत नाही."

"न्हाईच हाय. बघा हलवून."

साहेबांनी दिवा हलवला. हलला नाही. दोन्ही हातांनी ओढला. मग बंपरला बूट लावून असा हिसका दिला की जीपच वीतभर पुढं आली. दिवा होता तिथंच होता. रांगेतले ड्रायव्हर खाकरले. कुणीतरी मागून ओरडलं, "साहेब, दोरी देऊ का?"

साहेबांचा चेहरा लाल झाला. एवढ्या लोकांत काहीतरी करायला हवं म्हणून त्यांनी डाव्या दिव्यावर सहज चापट मारली.

डावा दिवा निघून थेट त्यांच्या हातात आला. मागं वायर लोंबत होती आणि दिवा भर दुपारी लखलखीत जळत होता.

बंकटनं मांडीवर थाप मारली. "झालं! म्या म्हणलं न्हवतं?"

"त्यो म्या न्हाई बसवला," मंगल साहेबांना म्हणाली. "त्यो कंपनीचा हाय."

साहेबांनी हातातल्या दिव्याकडं बघितलं. मग उजव्याकडं. हसू आलं होतं, पण सरकारी माणूस, त्यांनी ते मिशीतच अडवलं. "हाही तसाच बसवून आणा. पाचपर्यंत आहे मी. बसला की सही."

"पाचला ट्रक सुटतोय, मंगल," बंकटनं आठवण करून दिली. आवाज आता जरा मऊ होता. "इचार कर. पूर्ण कोयत्याचं धरतो, जा."

"सुटू द्या की. तुमी निघा, मुकादम. यष्टी त्या तिकडं लागती."

ती चढली, स्टिअरिंगमागं बसली आणि इंजिन सुरू केलं. मग खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाली, "साहेब, आलेच हाय तर ब्रेक आन् इंडिकेटर आत्ताच बघून घ्या. तवर त्यो दिवा तसाच धरा. जरा खाली. मुकादमाच्या डोळ्यावर यायलाय."

साहेबांनी खाली धरला.