गाळलेलं नाव

दोरीवर धुणं टाकायला विजयमाला हौदाच्या कट्ट्यावर चढली आणि तिचे हात तसेच राहिले. भिंतीपलीकडे रंभाबाईच्या दोरीवर विजयमालाचंच पातळ वाळत होतं. तेच ते बदामी पातळ, काठावर तिनेच केलेलं रफू. वीस दिवसांपूर्वी तिने ते देवाला स्मरून घराबाहेर काढलं होतं. आणि ते फिरून फिरून गेलं कुठे, तर धाकट्या जावेच्या घरी!

त्या वर्षी, म्हणजे चौऱ्याहत्तर साली, ईस्टरपूर्वीचे उपवासाचे चाळीस दिवस तिने घरातच नेमाने पाळायचं ठरवलं होतं. चहा सोडला. साखर सोडली. एका वेळचं जेवण सोडलं. रोज पहाटे गुडघ्यांवर प्रार्थना, आणि रोज घरातली एक वस्तू बाहेर. भांडं असेल तर त्यात स्वतःच्या सोडलेल्या जेवणाची ज्वारी. चर्चच्या सेविका काशम्मा संध्याकाळी येऊन ते घेऊन जात. "गरजू घर बघून द्या," विजयमाला दर वेळी बजावी, "पर माझं नाव कुटं घेऊ नका." या हाताचं त्या हाताला कळू नये, एवढा कटाक्ष. ताटं गेली, तांबे गेले, चादरी गेल्या. रेल्वेत कारकून असलेले तिचे यजमान रावजी रिकाम्या मांडणीकडे बघून म्हणाले, "आता मीच उरलो की. माझी पाळी कधी?"

घर हलकं झालं. मन काही होईना. प्रार्थनेत ती एकेकाचं नाव घेई. आई, भाऊ, पाळकसाहेब, गल्लीतले आजारी. दिराचं, ज्ञानूचंही घेई. त्याच्या बायकोशी आलं की जीभ अडे आणि ते एक नाव ती गाळून टाकी. आमेन म्हटलं तरी मग चुटपुट लागून राही, घरभर उगाच फिरत बसे.

रंभाबाईशी तिचा नऊ वर्षांचा अबोला होता. कारण काय, तर सासूबाईंचं तांब्याचं घंगाळ. वाटणीच्या दिवशी दोघींनी दोन कड्या धरून ते ओढलं होतं. थोरलीने जिंकलं आणि दुसऱ्याच दिवशी बाजारात नेऊन त्यावर स्वतःचं नाव घालून आणलं. तसं तिच्या घरातलं कुठलंच भांडं नाव घातल्याशिवाय मांडणीवर चढत नसे, पण घंगाळावरचं जरा ठळकच होतं. रोज वस्तू निवडताना तिची नजर त्याच्यावर जाई आणि झटकन दुसरीकडे वळे.

एकच गोष्ट यंदा मनासारखी झाली होती. भिंतीपलीकडे ज्ञानूचा हातमाग पहाटेपासून खटखटे आणि प्रार्थनेचा विचका करी. यंदा तो गप्प होता. त्याबद्दल तिने देवाचे आभारही मानले होते.

पातळ दिसल्यापासून तिला घर खायला उठलं. भाकरी करपली. बायबल उघडलं, मिटलं. काशम्मा उंबऱ्यात दिसल्या तशी ती गरजली, "ते पातळ तिला का दिलंत?"

"पातळच न्हाय, समदंच तितं दिलं," काशम्मा शांतपणे म्हणाल्या. "गरजू घर बघा म्हनाला की तुमी. बघितलं. सूत मिळंना म्हनून चार महिनं माग बंद हाय ज्ञानूचा. मधी एक भिंत, आन् तुमाला ठाऊक न्हाय?"

विजयमालाने भिंतीकडे पाहिलं. ज्या शांततेबद्दल ती देवाचे आभार मानत होती, ती पलीकडच्या घरची उपासमार होती. तिला स्वतःची लाज वाटली. आणि लगेच भीतीही. रंभाबाई भारी मानी. हे कुणाच्या घरचं आहे हे तिला कळलं, तर ज्वारीसकट सगळं भिंतीवरून फेकेल आणि पोरांना उपाशी निजवेल. कोपऱ्यातलं घंगाळ तेवढं तिच्याकडे बघत होतं.

दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं, असं ठरवून दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ते कमरेवर घेतलं. दारातून दारात वीस पावलं, पण तिला धाप लागली. रंभाबाई उंबऱ्यात ज्वारी पाखडत होती. सूप थांबलं.

"हे तुझं," विजयमाला म्हणाली. घंगाळ खाली ठेवताना त्याची कडी वाजली. "आन् काशम्मा देती ते बी माझ्याच घरचं हाय. राग माझ्यावर काढ. पर लेकरांच्या तोंडचं फेकू नको."

रंभाबाई सूप बाजूला ठेवून आत गेली. एक ताट घेऊन आली, पदराने पुसलं आणि थोरलीच्या हातात दिलं. काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं होतं : सौ. विजयमाला. विजयमाला बघतच राहिली. सगळ्यांच्या तोंडाला कुलूप घातलं होतं तिने, ताटाचं तेवढं विसरली होती.

"पयल्याच दिवशी वाचलं, आक्का," रंभाबाई म्हणाली. "लई राग आला. ताट उपडं घातलं. पर लेकरं भुकेली व्हती, सुलटं केलं. तवापासनं जेवायच्या आदी प्रार्थनेला बसलं की काठावर तुमचं नाव. ते गाळून डोळं कसं मिटायचं? रोज पयलं तेच घेतो आमी."