मागचा लाइट

"लागला का?" माणिकरावांनी ब्रेकवर पाय दाबून धरला आणि खिडकीतून मान बाहेर काढली.

गाडीच्या मागे पार्वतीबाई उभ्या होत्या. पदरानं ऊन अडवून त्यांनी लाल काच नीट निरखली.

"न्हाई," त्या म्हणाल्या.

ब्रेक लाइटची हीच तर अडचण आहे. ज्याचा पाय ब्रेकवर, त्याला तो दिसत नाही. मागं कुणीतरी उभं राहून खरं काय ते सांगावं लागतं. आणि साखरा गावातल्या त्या घरात माणिकरावांना खरं सांगायची रीत नव्हती. भिंतीवरचं घड्याळ पुढे धावायचं, पण ते बराबर आहे असं माणिकरावांनी एकदा ठरवून टाकलं होतं. तेव्हापासून घरातलं प्रत्येक माणूस एसटीच्या थांब्यावर उगीचच लवकर जाऊन उभं राहायचं आणि का म्हणून कुणी विचारायचं नाही.

गाडी जुनी. जवळच्या गोरेगावच्या मिस्त्रीनं स्पष्ट सांगितलं होतं, "मालक, आतलं वायरिंग उंदरांनी खाल्लंय. दोन दिवस गाडी ठेवा." माणिकरावांनी त्याला चार शिव्या हासडल्या आणि गाडी तशीच घरी आणली. आज संध्याकाळी त्यांची लेक प्रतिक्षा हिंगोलीला सासरी परत निघणार होती. भाऊ स्वप्निल तिला सोडणार होता. लेकीला एसटीनं पाठवणं माणिकरावांच्या शानीत बसत नव्हतं. जावयाच्या दारात आपली गाडी उभी राहिली पाहिजे, एवढाच त्यांचा हट्ट होता.

त्यांनी बल्ब बदलला.

"आता?"

"न्हाई."

फ्यूज बदलला. ब्रेक दाबला.

"न्हाई वो. न्हाई लागला."

माणिकराव पाना घेऊनच खाली उतरले. "डोळे फुटले का तुझे? नवा बल्ब, नवा फ्यूज, अन् म्हणे न्हाई!" त्यांनी डिकीवर पाना असा आदळला की पत्र्याला खड्डा पडला. पार्वतीबाईंचा हात तिथून वीतभरच लांब होता. ओट्यावर उभ्या असलेल्या प्रतिक्षानं ते पाहिलं आणि ती मुकाट्यानं आत बॅग भरायला गेली. बाप चिडला की आत जायचं, हे ती लहानपणीच शिकली होती.

मग माणिकराव गाडीत ब्रेकच्या पेडलपाशी वाकले. ब्रेकच्या स्विचच्या वायरी त्यांनी पिळून जोडल्या, वरून टेप गुंडाळला आणि सीटवर बसले. पाना धरलेला हात खिडकीबाहेर काढून त्यांनी पुन्हा ब्रेक दाबला.

"बोल!"

पार्वतीबाईंनी लाल काचेवरून नजर काढून खिडकीबाहेरच्या त्या हाताकडे पाहिलं.

"लागला," पार्वतीबाई म्हणाल्या. "चांगला लालभडक लागला."

माणिकरावांचा चेहरा खुलला. "अन् तो मिस्त्री म्हणे उंदरांनी खाल्लं! लुटायचे धंदे सगळे." त्यांनी चहा सांगितला. चहा पिता पिता शेजारच्या तातेरावांना हाक मारून सगळी हकीकत ऐकवली, आणि त्या हकिकतीत मिस्त्री होता त्याहून बराच मूर्ख निघाला.

दुकानातून आलेला स्वप्निल म्हणाला, "नाना, मी एक बार बघून घेऊ का?"

"काहून? तुझी माय आंधळी हाय का?"

स्वप्निलनं आईकडे पाहिलं. ती पदरानं डिकीवरचा खड्डा पुसत होती. त्यानं चावी घेतली.

लेकीची ओटी भरताना पार्वतीबाई हळूच म्हणाल्या, "सकाळच्या एसटीनं गेली तर न्हाई का चालायचं?" माणिकरावांनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. त्या ओटीत तांदूळ घालत राहिल्या.

सेनगाव मागं पडलं आणि अंधारून आलं. रानातून परतणारी गुरं रस्त्यात आडवी आली. स्वप्निलनं करकचून ब्रेक मारला. मागून सोयाबीननं भरलेला टेम्पो येत होता, तो वेळेत थांबला नाही. प्रतिक्षा मागच्या सीटवर बसली होती.

सकाळी हिंगोलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं की पोरगी जगेल, पण कमरेखाली तिला काही कळत नाही, आणि पुढंही कळेल असं वाटत नाही. स्वप्निल आत बहिणीपाशी बसला. माणिकराव व्हरांड्यात आले. त्यांना रडता येत नव्हतं. रागावता मात्र येत होतं, आणि रागावायला माणूस समोरच होता. टेम्पोवाला प्रेमदास कपाळाला पट्टी बांधून जमिनीवर बसला होता. हवालदार त्याची चौकशी करत होता.

"मायची आन, साहेब," प्रेमदास हात जोडून म्हणाला, "गाडी थांबून राहिली हे कळलंच न्हाई. ब्रेकचा लाइट लागलाच न्हाई."

"खोटं बोलून राहिला!" माणिकराव अंगावर धावून गेले. "कालच या हातानं नीट केलाय मी लाइट. हिनं डोळ्यानं पाहिलाय. पार्वती, पुढं ये. सांग साहेबांना. अन् घाला ह्याला आत!"

उभ्या जन्मात त्यांनी पहिल्यांदाच चार लोकांत बायकोचा शब्द मागितला होता. ती काय बोलणार याची त्यांना काळजी नव्हती. त्यांना हवं त्याहून दुसरं ती शेवटी कधी बोललीच नव्हती.

"बाई, लागला होता का लाइट?" हवालदारानं विचारलं.

पार्वतीबाईंनी प्रेमदासकडे पाहिलं. लेक होती त्या खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं. मग नवऱ्याच्या हातांकडे पाहिलं. हात रिकामे होते.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "तीन बार खरं सांगितलं, साहेब. चवथ्या बारीला यांच्या हातात पाना व्हता."